प्रार्थनेची विनंती आणि चहाडी: सीमारेषा कुठे आखायची?

मार्दव

सर्वांना सलाम.

आमच्या बायबल अभ्यासगटात सध्या नीतिसूत्रांचे वाचन चालू आहे. जिभेविषयीची वचने वाचत असतानाच गटात असे काही घडले की वाचन बाजूला राहिले आणि प्रश्न समोर येऊन बसला. एका बहिणीने आपल्या संसारातली एक अडचण दोघीतिघींना विश्वासाने सांगितली होती. पुढच्या सभेत प्रार्थनेचे विषय विचारले गेले, तेव्हा त्यांच्यापैकी एकीने, ही बहीण हजर नसताना, तिचे नाव घेऊन सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी तिच्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती केली. नंतर तीच विनंती गटाच्या व्हॉट्सॲपवरही आली. हेतू वाईट नव्हता याची मला खात्री आहे, पण त्या बहिणीने गटात येणे बंद केले आहे.

चहाड गुपित फोडतो आणि विश्वासू मनाचा माणूस ते झाकून ठेवतो, असे नीतिसूत्रे ११:१३ सांगते, तेव्हा खरे तर प्रकरण तिथेच संपायला हवे. तरीही गटातल्या काहींचे म्हणणे असे की, गलतीकरांस पत्र ६:२ प्रमाणे एकमेकांची ओझी वाहायची असतील तर ओझे कसले आहे हे ठाऊक असायला हवे, आणि याकोब ५:१६ तर आपली पातके एकमेकांजवळ कबूल करायला सांगतो. जो तो तोंडाला कुलूप लावून बसला तर मंडळी (चर्च) म्हणजे केवळ ओळखीच्या माणसांची बैठक होईल. माझा प्रश्न असा: शास्त्राला अभिप्रेत असलेला जपून बोलण्याचा शहाणपणा कुठे संपतो आणि भित्रेपणा कुठे सुरू होतो? जीभ आवरावी एवढे आम्हाला ठाऊक आहे. त्यापुढचे कुणी सांगितले तर हवे आहे.

एकओळी

मूर्खही गप्प राहिला तर शहाण्यांत गणला जातो असे नीतिसूत्रे १७:२८ म्हणते, म्हणून या धाग्यावर मी याहून अधिक काही लिहिणार नाही.

तळटीप

प्रश्न चांगला आहे, कारण त्यात 'खोटे बोलू नये' ही सोपी वाट बंद झालेली आहे. आपल्या गटात जे सांगितले गेले ते खरेच होते.

खरे बोलूनही माणूस किती अनर्थ करू शकतो, याचे शास्त्रातले सर्वात भयंकर उदाहरण शौल राजाचा सेवक दवेग अदोमी याचे आहे (१ शमुवेल २१ आणि २२). शौलापासून पळालेला दावीद नोब येथे अहीमलेख याजकाकडे आला, तिथून भाकरी आणि गल्याथाची तलवार घेऊन गेला, आणि दवेग त्या वेळी तिथे हजर होता. पुढे शौल आपल्या सेवकांवर चिडून, तुमच्यापैकी कुणीच मला काही सांगत नाही अशी तक्रार करू लागला, तेव्हा दवेगाने पाहिलेले सांगून टाकले. त्याच्या सांगण्यात खोटे शोधू गेलो तर हाताला फारसे काही लागत नाही. मात्र दावीद राजाच्याच कामगिरीवर निघाला आहे अशी याजकाची समजूत करून देण्यात आली होती, ही बाब त्यात नव्हती. अहीमलेखाने आपण काहीच जाणत नव्हतो असे नंतर राजापुढे कळवळून सांगितले, पण तोवर राजाचे मन बनून गेले होते. त्या दिवशी ८५ याजक मारले गेले आणि नोब नगरातली बायकामुलेही तलवारीखाली गेली. ५२व्या स्तोत्राच्या शीर्षकात हाच प्रसंग आहे आणि ते स्तोत्र जिभेला धारदार वस्तऱ्याची उपमा देते.

म्हणून 'हे खरे आहे का' हा पहिला प्रश्न झाला, शेवटचा नव्हे. मी हे कुणाला सांगतो आहे, तो ऐकून काय करणार आहे, आणि माझ्या बोलण्याची किंमत कोण मोजणार आहे, हे दवेगाने स्वतःला विचारले नाही. किंवा विचारलेही असेल, आणि उत्तर त्याला पुरते ठाऊक असेल.

परखड

तळटीप यांचे उदाहरण पटले, तरीही धाग्याचा रोख मला धोक्याचा वाटतो. जपून बोलण्याविषयीचे उपदेश मंडळीत केव्हा ऐकू येतात ते एकदा आठवून पाहा. कुणीतरी पुढाऱ्यांच्या वागण्याविषयी किंवा हिशोबाविषयी तोंड उघडले की पुढच्याच रविवारी याकोबाच्या पत्राचा जिभेविषयीचा तिसरा अध्याय काढला जातो. ज्या वचनाने वक्त्याने स्वतःची जीभ तपासायची, तेच वचन दुसऱ्याचे तोंड बंद करायला वापरले जाते. गंमत म्हणजे त्या अध्यायाचे पहिलेच वचन शिक्षकांना बजावते की तुमचा न्याय अधिक कडक होईल, आणि ते मात्र घाईघाईने वाचून पुढे सरकतात.

शास्त्रात गप्प राहणे हेही पाप ठरू शकते. लेवीय ५:१ नुसार ज्याने पाहिले किंवा ज्याला माहीत आहे, त्याने साक्षीसाठी पुकारा झाल्यावरही सांगितले नाही, तर दोष त्याच्यावर येतो. नीतिसूत्रे ३१:८-९ मुक्यांसाठी तोंड उघडायला सांगते. १ तीमथ्य ५:१९ सगळ्यांना पाठ असते, की मंडळीच्या वडिलांविरुद्धचा (म्हणजे पुढाऱ्यांविरुद्धचा) आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून ऐकू नये. पण पाप करत राहणाऱ्यांना सर्वांदेखत दोष दाखवावा असे विसावे वचन लगेच म्हणते, ते कुणी पाठ करत नाही.

मार्दवताई, 'संसारातली अडचण' या शब्दांत मारहाणही मावते. या बहिणीचे तसे आहे असे मी म्हणत नाही. पण तसे असते, तर ती गोष्ट झाकून ठेवणाऱ्या दोघीतिघींना मी विश्वासू म्हणालो नसतो. तिथे तिला सुरक्षित जागी हलवणे आणि पोलिसांत जाणे हाच शहाणपणा आहे.

खडूफळा

परखड यांनी मांडलेल्या दोन्ही बाजू लेवीय १९:१६ मध्ये एकाच वचनात शेजारी शेजारी आहेत: आपल्या लोकांत चहाड्या करत फिरू नये, आणि शेजाऱ्याच्या जिवावर बेतले असता स्वस्थ उभे राहू नये. पुढचे वचन तर शेजाऱ्याची कानउघाडणी केलीच पाहिजे असे सांगते, म्हणजे मनात ठेवून द्वेष साचणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलालाही यातला भेद दिशेवरून समजावता येतो. दवेग दुबळ्याची गोष्ट बलवानाच्या कानात घालत होता. नीतिसूत्रे ३१ मध्ये दुबळ्याच्या बाजूने बलवानासमोर बोलायचे आहे. बोलणे दोन्हीकडे आहेच.

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. मत्तय १८:१५ प्रमाणे पहिली पायरी एकांताची आहे: दोघांनी समोरासमोर बसून बोलायचे. ज्या बहिणीने सभेत हकिकत सांगितली तिच्याशी आपण एकट्याने बोललात का? की त्याआधीच हा धागा काढलात? रागावू नका, पण प्रार्थनेच्या विषयातून जे सभेत गेले ते आता चर्चेच्या विषयातून इथे आले आहे, अशीही याची मांडणी करता येईल.

मार्दव

खडूफळा, प्रश्न रास्त आहे. त्या दोघींशीही मी आधी स्वतंत्रपणे बोलले आहे. जिची गोष्ट होती तिला विचारूनच हे लिहिले आहे, आणि तिला ओळखता येईल असा तपशील तिच्याच सांगण्यावरून बदललेला आहे. परखड, आपण ज्या प्रकाराचा उल्लेख केला तसे काही इथे नाही, हेही तिने मला स्पष्ट सांगितले आहे.

मधलीसुट्टी

भल्या पहाटे उठून मोठ्याने मित्राला आशीर्वाद दिला तर तो शाप गणला जाईल, असे नीतिसूत्रे २७:१४ म्हणते. सकाळी पाच वाजता गटावर फुलांच्या चित्रासह वचने पाठवणाऱ्या बंधुभगिनींसाठी हे वचन कुणीतरी फुलांच्या चित्रासहच पाठवावे, अशी नम्र विनंती आहे.

एकओळी

मी पाच वाजता पाठवत नाही. साडेपाच वाजता पाठवतो.

मधलीसुट्टी

तुम्ही गप्प राहणार होता ना?

उंबरठा

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझ्याकडे थोडी वेगळी शिदोरी आहे. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करायचे नाही, हा आमच्याकडे अत्यंत कडक नियम आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तो स्पष्ट शब्दांत घातला आणि १९८३ च्या धर्मसंहितेतही तो कलम ९८३ मध्ये कायम आहे. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इतके कडक कुलूप आहे म्हणूनच माणूस तिथे मोकळेपणाने बोलू शकतो. जपून ठेवणे आणि उघड करणे यांना आपण विरोधी मानतो आहोत, पण मार्दवताईंच्या गटात नेमके उलट घडले: गोष्ट फुटली आणि मग बोलणेच थांबले. याकोब ५:१६ पाळायचे असेल तर नीतिसूत्रे ११:१३ आधी पाळावे लागेल.

दुसरे, भित्रेपणाविषयी. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञतेचे जे आठ घटक सांगितले, त्यांत सावधगिरी हा केवळ एक आहे. बाकीच्यांत मागचे स्मरण, दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी, पुढचे पाहणे, भोवतालची परिस्थिती ध्यानात घेणे अशा गोष्टी येतात, आणि ठरवलेले प्रत्यक्षात करणे हे तर ते सुज्ञतेचे मुख्य कार्य मानतात. ज्याच्याकडे आठांतली फक्त सावधगिरी आहे तो माणूस त्यांच्या हिशोबाने सुज्ञ नाही.

आणि आमच्या बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथातले एक वचन (१९:१०) इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचा आशय असा: काही ऐकले आहेस का, तर ते तुझ्याबरोबरच मरू दे, धीर धर, त्याने तुझे पोट फुटणार नाही.

दीपस्तंभ

बेन सिराचा ग्रंथ आमच्या, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या, शास्त्रात नाही, तेव्हा त्यावर सिद्धांत उभारता येणार नाही हे आधी नोंदवतो. मात्र मार्टिन ल्यूथर यांनी १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलमध्ये असे ग्रंथ, शास्त्राच्या बरोबरीचे नसले तरी वाचायला उपयोगी आणि चांगले, म्हणून जुन्या व नव्या कराराच्या मध्ये छापले होते. त्या सवलतीत मीही ते वचन वाचले आणि हसलो.

मला मुख्यतः ३९व्या स्तोत्राविषयी लिहायचे आहे, कारण मौनाचा गौरव करताना त्याचा आधार नेहमी घेतला जातो. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतला मौनाविषयीचा सहावा अध्याय याच स्तोत्राने सुरू होतो. मी आपल्या तोंडाला लगाम घालीन असे स्तोत्रकर्ता म्हणतो, तो चांगले बोलण्यापासूनही आवरतो, आणि म्हणून वाईट बोलण्यापासून तर कितीतरी अधिक आवरायला हवे, असा अर्थ बेनेडिक्ट काढतात. मठात राहणाऱ्यांसाठी तो योग्यही असेल. पण स्तोत्र तिथे थांबत नाही. चांगलेही न बोलता गप्प राहिलो तेव्हा माझे दुःख चाळवले, अंतःकरण आतल्या आत तापले, आग भडकली, आणि मग मी बोललो, असे स्तोत्रकर्ताच पुढे सांगतो. तो कुणाशी बोलतो ते पाहण्यासारखे आहे. दुर्जन समोर असताना त्याने तोंड आवरले आहे, आणि देवासमोर ते उघडले आहे. शेवटी तर तो देवाला, माझ्यावरची नजर काढ म्हणजे मला जरा हुशारी येईल, असेही म्हणून बसतो. असे वाक्य आपल्यापैकी कुणी प्रार्थनासभेत मोठ्याने म्हणेल का?

मार्दवताईंच्या प्रश्नाचे एक उत्तर मला इथे दिसते. भित्रा माणूस दोन्हीकडे गप्प असतो. शहाण्याला आपले मन कुठे मोकळे करायचे ते ठाऊक असते, त्यामुळे इतरत्र गप्प राहणे त्याला परवडते.

पानगळ

माझे पती पाळक (पास्टर) आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे न जाणारे पुष्कळ काही माझ्याकडे येते. उपासना संपल्यावर खुर्च्या आवरताना एखादी जवळ येते, हातातली खुर्ची मिटत नाही, नुसती पुढेमागे करत राहते, आणि म्हणते, "वहिनी, कुणाला सांगणार नसाल तर एक बोलू?" सुरुवातीच्या काळात मला वाटे की 'नाही सांगणार' एवढेच उत्तर प्रेमाचे आहे. आता मी तिला आधी थांबवते. म्हणते, "तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलाचा प्रश्न असेल, तर मी गप्प राहणार नाही, बाकी सगळे माझ्यापाशी राहील, आणि साहेबांनाही तू म्हणशील तरच सांगेन." एकदोघी हे ऐकून तशाच परत गेल्या, त्याचे वाईटही वाटले. बहुतेक जणी मात्र खुर्ची खाली ठेवून तिच्यावरच बसल्या.

उठताना मी आणखी एक विचारते: यातले प्रार्थनेसाठी कुणाला काय सांगू? उत्तरे फार वेगवेगळी येतात. कुणी म्हणते नाव सांगा पण कारण नको. कुणी म्हणते कारण सांगा पण नाव नको. एक आजी म्हणाल्या की सगळे सांग, फक्त माझ्या सुनेला सांगू नकोस. मार्दवताई, आपल्या गटात हा एक प्रश्न विचारला गेला असता तर पुढचे टळले असते असे मला वाटते. ओझे वाहण्यासाठी ते आत उघडून पाहावे लागतेच असे नाही.

परखडभाऊ, तुमचा राग मला समजतो. पाळकाच्या घरात राहूनही समजतो.

परखड

पानगळवहिनी, आपण जी अट आधी सांगता ती मला सर्वात प्रामाणिक वाटली. वचन देऊन मग मोडण्यापेक्षा वचनाची मर्यादा आधीच सांगणे हे उपदेशक ५:५ लाही धरून आहे.

दीपस्तंभ यांना मात्र एक विचारायचे आहे. देवासमोर मन मोकळे करणारा माणसांसमोर गप्प राहू शकतो, हे वैयक्तिक अपमानापुरते ठीक आहे. दुसऱ्यावर अन्याय होत असताना मी देवाशी बोललो आणि माणसांशी बोललो नाही, तर त्याला काय म्हणायचे? नाथान संदेष्ट्याने नुसती प्रार्थना केली नाही. तो दावीदाकडे गेला.

दीपस्तंभ

गेला हे खरे, पण कसा गेला तेही पाहा. दावीदाने उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला मारवले, हे त्याला ठाऊक होते; दारातूनच ओरडला असता तरी शब्द न् शब्द खरा ठरला असता. त्याने गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली, राजाला स्वतःच्या तोंडून न्याय उच्चारू दिला, आणि त्यानंतर 'तो मनुष्य तूच आहेस' असे म्हटले. त्यात धैर्य कमी नाही, कारण ज्या राजाने एकाला मारून घेतले तो दुसऱ्यालाही मारू शकला असता. जपून बोलणे म्हणजे मऊ बोलणे नव्हे, एवढे तर आपल्या दोघांनाही मान्य व्हावे.

अनुपस्थित

मऊ बोलण्याला इतक्या लवकर बाजूला सारू नका. शास्ते पुस्तकात एकाच वंशाच्या एकाच तक्रारीला दोन शास्त्यांनी, म्हणजे इस्राएलच्या पुढाऱ्यांनी, दिलेली दोन उत्तरे आहेत, आणि ती मी तरुण कार्यकर्त्यांना मुद्दाम सलग वाचायला सांगतो. आठव्या अध्यायात एफ्राईमचे लोक गिदोनावर चिडून येतात, की आम्हाला लढाईला का बोलावले नाहीस. तो म्हणतो, मी असे काय मोठे केले आहे. माझ्या अबीयेजेर कुळाच्या सबंध हंगामापेक्षा एफ्राईमने वेचलेला सरवाच चांगला नाही काय? त्यांचा राग तिथेच शमतो. बाराव्या अध्यायात तेच एफ्राईमी तीच तक्रार घेऊन इफ्ताहाकडे येतात. इफ्ताह हिशोब मांडतो, मी बोलावले होते, तुम्ही आला नाहीत, मी जीव मुठीत धरून गेलो. बहुधा सगळे खरे असेल. त्यानंतरच्या यादवीत एफ्राईमचे ४२,००० लोक पडतात.

परखड

तुलना आकर्षक आहे, पण पुरती न्याय्य नाही. बाराव्या अध्यायात एफ्राईमी येतात ते तुझे घर तुझ्यासकट जाळू अशी धमकी देत. गिदोनाला अशी धमकी कुणी दिली नव्हती. सगळ्या युद्धाचे खापर इफ्ताहाच्या उत्तरावर फोडणे म्हणजे नीतिसूत्रे १५:१ हे वचन नसून हमी आहे असे समजणे होय. मृदू उत्तराने राग निवतो, पण दरवेळी समोरचा निवायला तयार असतोच असे नाही.

अनुपस्थित

धमकीचा फरक मान्य आहे आणि तो मी सांगायला हवा होता असे आपण म्हणाल, तर तेही मान्य. तरी इफ्ताहाच्या बाबतीत तोंडाचा उतावळेपणा हा एकच प्रसंग नाही. अकराव्या अध्यायातला नवस त्याचाच आहे, ज्यात घरातून प्रथम जे बाहेर येईल ते अर्पण करीन असे तो बोलून गेला आणि बाहेर त्याची एकुलती मुलगी आली. त्याला तो शब्द मागे घेता आला नाही की त्याने घेतला नाही, यावर टीकाकार शतकानुशतके वाद घालत आले आहेत. त्या वादात मी पडत नाही.

खडूफळा

मृदुतेपेक्षाही वेळेची जाण मला अधिक कठीण वाटते, आणि तिचा धडा अबीगईलकडून घ्यावा (१ शमुवेल २५). तिचा नवरा नाबाल याने अपमान केला म्हणून दावीद ४०० माणसे घेऊन तिच्या घरादारावर चालून येत होता. ती नवऱ्याला न सांगता निघाली, वाटेत दावीदाला गाठले, आणि आज विनाकारण रक्त सांडले तर उद्या राजा झाल्यावर ते तुझ्या मनाला टोचत राहील असे त्याला पटवले. घरी आली तर नाबाल राजासारखी मेजवानी करत पिऊन तर्र झालेला. त्या रात्री तिने त्याला लहानमोठे काही सांगितले नाही. सकाळी त्याची उतरल्यावर सगळे सांगितले. सांगायचे तर होतेच. एका रात्रीचे अंतर मधे ठेवले.

आपल्याकडे तेवढा धीर नसतो. नुकतेच ऐकलेले, डोक्यात तापलेले, आणि फोन हातातच.

मधलीसुट्टी

पण अबीगईलने परक्या माणसापुढे आपल्या नवऱ्याला सरळ मूर्ख म्हटले आहे, पंचविसावे वचन. आपल्या गटातल्या कुणी असे म्हटले असते तर या धाग्यावर तिचे काय झाले असते?

पानगळ

तिच्यासाठी प्रार्थनेची विनंती आली असती, नावासह.

एकओळी

+१

तळटीप

मधलीसुट्टी यांचा चिमटा योग्य जागी बसला आहे. अबीगईल नवऱ्याचा दोष उघड करते ते त्याच्यासकट घरातल्या सगळ्यांचे प्राण वाचवण्यासाठी. तेवढेच सांगते, ज्याला सांगणे भाग आहे त्यालाच सांगते. गावभर सांगत नाही.

मूळ प्रश्नाशी जुळणारा आणखी एक माणूस मला सुचतो, आणि तो सबंध शुभवर्तमानांत एक शब्दही बोललेला नाही: मरीयेशी वाग्दत्त झालेला योसेफ. लग्नाआधीच ती गरोदर असल्याचे दिसून आले. मत्तय १:१९ मध्ये तो नीतिमान होता आणि तिची बेअब्रू करण्याची त्याची इच्छा नव्हती, म्हणून त्याने तिला गुपचूप सोडण्याचा विचार केला, असे लिहिले आहे. आपण हे वाचताना शेवट आधीच जाणतो, त्यामुळे त्या क्षणी योसेफाची स्थिती काय होती ते निसटते. त्याच्या दृष्टीने पुरावा पूर्ण होता. साक्षीदारांची गरज नव्हती, अफवेचा प्रश्न नव्हता, आणि ज्याच्यावर अन्याय झाला असे वाटत होते तो माणूस तो स्वतःच होता. सांगण्याचा अधिकार कुणाला असेल तर त्यालाच होता. आणि तरीही त्याने जे सांगितले असते ते चूक ठरले असते.

आपण ज्याला खात्रीची माहिती म्हणतो तिच्याविषयी मला या वचनाने फार सावध केले आहे. पहिल्याने बाजू मांडणारा बरोबर वाटतो, मग दुसरा येऊन त्याला तपासतो, असे नीतिसूत्रे १८:१७ म्हणते. मार्दवताईंच्या सभेत त्या बहिणीच्या संसाराची हकिकत सांगितली गेली, तेव्हा ती बहीण तिथे नव्हती, तिचा नवराही नव्हता. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्या नवऱ्याविषयी काहीतरी ठरून गेले असेल, आणि ते तपासायला कुणीच येणार नाही.

उंबरठा

हा मुद्दा आतापर्यंत कुणी काढला नव्हता. आपण सगळे बहिणीविषयी बोलत राहिलो. नवऱ्याची अब्रूही त्याच विनंतीत गेली होती. आमच्या धर्मशिक्षणात खोटी बदनामी आणि खरा दोष विनाकारण उघड करणे ही दोन वेगळी पापे मानली जातात, आणि दुसऱ्याची भरपाई अधिक अवघड असते. खोटे बोललो तर 'ते खोटे होते' असे जाहीर करता येते. खरे बोललो असेन तर काय जाहीर करायचे?

अनुपस्थित

उपदेशक ७:२१-२२ ऐकणाऱ्यांसाठी आहे. लोक बोलतात ते सगळेच मनावर घेऊ नको, नाहीतर तुझाच चाकर तुला शिव्याशाप देताना ऐकशील. आणि तूही इतरांना असेच बोलला आहेस हे तुझे मन जाणते. सभेत बसलेल्या प्रत्येकाने हे स्वतःला लावून घेतले तर निम्मे काम होईल. लाकडे नसली की आग विझते (नीतिसूत्रे २६:२०), आणि लाकडे पुरवणारा नेहमी बोलणाराच असतो असे नाही. 'मग पुढे काय झाले' असे विचारणाराही असतो.

मार्दव

सर्वांचे मनापासून आभार. परखड यांच्याशी माझे मतभेद वाटले त्यापेक्षा कमी निघाले, आणि तळटीप यांनी योसेफाविषयी जे लिहिले ते मी गटात वाचून दाखवणार आहे.

काल त्या बहिणीला भेटले. ती परत येण्याविषयी अजून काही म्हणत नाही आणि मीही आग्रह केला नाही. गटात दोन गोष्टी ठरवल्या आहेत. गैरहजर माणसाचा विषय त्याच्या परवानगीवाचून मांडायचा नाही, आणि परवानगी असली तरी पानगळवहिनींच्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तराइतकेच सांगायचे. जिवाच्या धोक्याची अट वेगळी लिहून ठेवली आहे, ती परखड यांच्यामुळे. जिने सभेत सांगितले होते ती बहीण स्वतःहून तिच्याकडे जाणार आहे. केव्हा जायचे ते तिच्यावर सोडले आहे.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. व्हॉट्सॲपवरची ती विनंती अजून तशीच आहे, कारण ती काढावी की तिथेच सर्वांसमोर चूक मान्य करावी यावर गटात एकमत नाही. आपल्याला काय वाटते?

परखड

सार्वजनिक ठिकाणी झालेली चूक सार्वजनिक ठिकाणीच मान्य व्हावी. नाहीतर उरलेल्यांना वाटेल की त्यात काही गैर नव्हते.

खडूफळा

तत्त्व बरोबर आहे, पण इथे ते लावताना पुन्हा तिचीच गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर येईल, आणि ज्यांनी पहिली विनंती वाचली नव्हती ते आता वर जाऊन वाचतील. विनंती आजच काढून टाका. नवा नियम गटावर लिहा, सभेतही समजावून सांगा. आणि तो कशामुळे करावा लागला असे कुणी विचारले, तर सांगू नका.